वाचन कार्यक्रम तपासताना या चुका टाळा

मुलांना वाचायला शिकवणाऱ्या कार्यक्रमाचा खरंच उपयोग झाला का, हे तपासताना सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे वर्गात शिकवलेला धडाच चाचणीत देणं. एका शाळेत अंतिम चाचणी पाहायला बसले होते. पहिलीतली मुलगी घडाघडा म्हणत होती, पण बोट दुसऱ्या ओळीवर आणि आवाज चौथ्या. मी पानावर हात ठेवला. ती थांबलीच नाही. मग त्याच धड्यातले चार शब्द कोऱ्या कागदावर सुटे लिहून दिले, तर एकही वाचता येईना. पत्रकात तिच्यापुढे ‘अस्खलित’ अशी नोंद आधीच झाली होती. अशा नोंदीनंतर त्या मुलीकडे पुन्हा कोण लक्ष देणार?

तेव्हापासून मी दर चाचणीला ताजा उतारा लिहिते. अक्षरं आणि स्वरचिन्हं शिकवलेलीच, वाक्यं नवी. सोबत ‘झेमू’, ‘तीबक’ असे निरर्थक शब्द, कारण ते पाठ असूच शकत नाहीत. ‘तयार पेपर आहे की’ म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही.

दुसरी चूक पूर्वचाचणीची, म्हणजे शिकवणं सुरू होण्याआधी घ्यायच्या चाचणीची. ती घेतच नाहीत, किंवा शिकवणं सुरू होऊन महिना उलटल्यावर घेतात. वर्षभरात मूल मोठं होतं, शाळेत येतं, कार्यक्रम नसता तरी थोडं पुढे गेलंच असतं. म्हणून कार्यक्रम नसलेल्या पण तशाच शाळांतली मुलंही त्याच आठवड्यात तपासा. फक्त कच्ची मुलं निवडली असतील तर जास्तच जपा. पहिल्या दिवशी बुजलेल्या मुलाचे गुण पुढच्या वेळी एरवीही वाढतात.

शिकवणाऱ्या बाईंनीच चाचणी घेऊ नये. मधेच गळालेली मुलं हिशेबातून गाळू नका. सरासरीच्या आधी शून्यावर अडकलेली, म्हणजे एकही शब्द वाचता न आलेली मुलं किती, ते सांगा.

वेगाचं वेडही आवरा. ‘एग्रा’सारख्या (सुरुवातीच्या इयत्तांतलं वाचन तपासणाऱ्या) चाचणीत मिनिटाला बरोबर वाचलेले शब्द मोजतात, ते ठीक. पण इंग्रजीचे आकडे मराठीला लावू नका. ‘घरासमोरच्या’ हा आपल्याकडे एकच शब्द आहे, इंग्रजीत त्यालाच अनेक शब्द लागतात. आणि वाचून झाल्यावर अर्थ विचाराच, तोही उतारा न वाचता अंदाजाने सांगता येणार नाही असा.

तीन महिन्यांत निकाल हवा असणारे नवखे अंतिम चाचणी झाली की फाइल बंद करतात. मी मोठ्या सुट्टीनंतर तीच मुलं नव्या उताऱ्यावर पुन्हा तपासते आणि अहवालात तो आकडा आधी लिहिते.