दहावीच्या भूमितीआधी: कोन-त्रिकोणाची तयारी

दहावीचे ‘गणित भाग २’ उघडले की पहिलेच प्रकरण समरूपतेचे (आकार सारखा, माप लहान-मोठे), आणि पाठोपाठ पायथागोरसचे प्रमेय. तिथे अडणारी मुले बहुतेक वेळा समरूपतेवर अडत नाहीत. छेदिकेने, म्हणजे दोन रेषांना छेदणाऱ्या तिसऱ्या रेषेने, केलेले व्युत्क्रम कोन (तिच्या विरुद्ध बाजूंचे) पटकन दिसत नाहीत किंवा ‘कारण’ काय लिहायचे ते सुचत नाही, म्हणून अडतात. हे सगळे नववीपर्यंत शिकून झालेले असते, तेव्हा शाळा सुरू व्हायच्या आधीच त्यावरून एकदा हात फिरवून घ्या.

आधी कंपासपेटी काढा. कर्कटकाने ५ सेमी त्रिज्येचे वर्तुळ काढा. रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली तर कर्कटक ठीक आहे. नाहीतर स्क्रू आवळा, तरी जमत नसेल तर नवे घ्या. सैल कर्कटकाने काढलेली रचना कितीही मन लावून केली तरी चुकणारच. कोनमापकाची शून्याची रेघ बऱ्याचदा प्लास्टिकच्या कडेवर नसते, थोडी वर असते. कोनाचा शिरोबिंदू त्या रेघेवरच्या मधल्या खुणेवर यायला हवा. आकड्यांच्या दोन ओळींपैकी कोणती वाचायची हा घोळ टाळायचा तर कोन लघु आहे की विशाल हे आधी नुसत्या डोळ्यांनी ठरवा, मग आकडा बघा. ५० च्या जागी १३० लिहिणारे प्रत्येक वर्गात निघतात. दोन्ही गुण्येही बाहेर काढा, एक ३०-६०-९० चा आणि दुसरा ४५-४५-९० चा. पट्टीला टेकवून गुण्या सरकवला की समांतर रेषा मिळतात, हे विसरलेच जाते.

कोनांच्या प्रकारांवर फार वेळ घालवू नका. कोटिकोनांची बेरीज ९०°, पूरक कोनांची १८०°, विरुद्ध कोन समान आणि रेषीय जोडीतल्या कोनांची बेरीज १८०°, एवढे झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले पाहिजे. खरा वेळ समांतर रेषा आणि छेदिकेला द्या. संगत कोन समान, व्युत्क्रम कोन समान, छेदिकेच्या एकाच बाजूच्या आंतरकोनांची बेरीज १८०°, हे पाठ असतेच. पण आकृती तिरपी केली की तेच कोन ओळखू येत नाहीत. म्हणून वही फिरवून, आडव्या-उभ्या-तिरप्या पाच-सहा आकृत्या काढा आणि प्रत्येकीत आठही कोनांना नावे द्या. आणखी एक पथ्य पाळा. रेषा समांतर आहेत असे दिलेले नसेल तर व्युत्क्रम कोन समान म्हणायचे नाहीत, मग आकृतीत त्या कितीही समांतर दिसोत.

आता त्रिकोण. तीन कोनांची बेरीज १८०° का येते, हे शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढून, पुस्तकात न बघता लिहिता आले पाहिजे. बाह्यकोन हा दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेइतका असतो, हे त्याच्याच पुढचे पाऊल. समद्विभुज त्रिकोणावर मात्र थांबा. ‘एक कोन ५०° आहे, उरलेले काढा’ असे विचारले तर उत्तरे दोन येतात: ६५° आणि ६५°, किंवा ५०° आणि ८०°. दिलेला कोन १००° असेल तर ४०° आणि ४०° एवढे एकच उत्तर. असे का, ते स्वतःशी बोलून बघा.

एकरूपतेच्या (आकार आणि माप दोन्ही सारखे) कसोट्या सगळ्यांच्या तोंडी असतात, ‘बा’ म्हणजे बाजू आणि ‘को’ म्हणजे कोन: बाबाबा, बाकोबा, कोबाको, कोकोबा, कर्णभुजा. मग ‘बाबाको’ का चालत नाही? हे वाचून कळत नाही, काढून कळते. १४ सेमीची आडवी रेघ काढा, डाव्या टोकाशी ३०° चा कोन करा आणि तिरप्या भुजेवर १० सेमीवर खूण करा. त्या खुणेवर कर्कटक ठेवून ६ सेमीचा कंस मारा. तो आडव्या रेघेला दोन ठिकाणी छेदतो, म्हणजे त्याच मापांचे दोन वेगळे त्रिकोण! ४ सेमी घेतले तर कंस रेघेपर्यंत पोचतच नाही. नेमके ५ सेमी घेतले तर तो एकाच बिंदूत टेकतो आणि तिथे काटकोन होतो. कर्णभुजा कसोटी का चालते आणि ३०° समोरची बाजू कर्णाच्या निम्मी का, या दोन्ही गोष्टी या एकाच आकृतीत दिसतात. माझ्या मते या एका आकृतीला अर्धा तास दिला तरी चालेल.

एकरूपता लिहिताना अक्षरांचा क्रम सांभाळा. त्रिकोण अबक आणि त्रिकोण पफर एकरूप लिहिले म्हणजे अ ची जोडी प शीच, ब ची फ शीच. क्रम चुकला की समरूपतेत बाजूंची गुणोत्तरे उलटीसुलटी होतात आणि पुढचे सगळे गणित वाया जाते.

पायथागोरसची त्रिकुटे, म्हणजे काटकोन त्रिकोणाच्या बाजू होणारे तीन-तीन पूर्णांक, लक्षात असू द्या: ३-४-५, ५-१२-१३, ८-१५-१७, ७-२४-२५. त्यांच्या पटीही ओळखता याव्यात. ९-१२-१५ दिसले की वर्गमूळ काढत बसू नका. घराचा पाया आखताना गवंडी ३, ४ आणि ५ फुटांनी कोपरा गुण्यात (काटकोनात) आहे का ते तपासतात, तो याच प्रमेयाचा व्यत्यास, म्हणजे उलट विधान.

सिद्धतेचा सराव करताना पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे विधान, उजवीकडे कारण. कारणाची जागा एकदाही रिकामी सोडू नका, ‘पक्ष’ (दिलेली माहिती) किंवा ‘सामाईक बाजू’ एवढेच असले तरी लिहा. कच्ची आकृती मुद्दाम विषमभुज काढा. देखणा, दोन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण काढायची हाताला सवय असते, आणि मग न दिलेली समानता नकळत सिद्धतेत शिरते.

शेवटी नववीतल्या त्रिकोण रचना: पाया, पायालगतचा कोन आणि उरलेल्या दोन बाजूंची बेरीज किंवा वजाबाकी, तसेच परिमिती आणि पायालगतचे दोन कोन. प्रत्येकीची आधी कच्ची आकृती, मग पक्की. पेन्सिल टोकदार ठेवा, आणि रचना झाल्यावर कंस खोडू नका; त्रिकोण कसा मिळवला ते तपासणाऱ्याला त्या कंसांवरूनच कळते.