मोहाखाली काडी लावू नका भाऊ, पातेरा झाडून काढा

होळी जवळ आली की मेळघाटात मोहा पानं गाळतो, मागोमाग फुलं पडायला लागतात आणि तेव्हाच लोकं काडी ओढतात. वेचताना फुलं नीट दिसावी म्हणून झाडाखालचा पातेरा, म्हणजे गळलेला वाळका पाला, जाळायचा, बस. पण खाली सागाचा कडक पाला, वर चढ, आग चढावर दुप्पट धावते, दुपारी वारा सुटला की मग आवरत नाही. यंदा ऊन आत्ताच तापतंय, म्हणून हे आधीच सांगतोय.

मोठा मोहा मरत नाही ना, म्हणून नुकसान कोणाला दिसतच नाही. मरतात ती वीतभर रोपं, मोहाची, चारोळीची, आवळ्याची. आपल्या झाडांखाली जाऊन बघा, म्हातारी उभी आहेत, नातवंडं नाहीत. बुंध्याला दरवर्षी आच लागली की साल फाटते, खोड पोकळ होतं, एक दिवस वादळात आडवं. माझा अंदाज असा की जाळलेल्या झाडाला पुढच्या साली फूलही कमी येतं, पुस्तकात असो नसो.

खराट्याने पातेरा बाजूला ओढा, बुंध्याशी ढीग नको, शेणखड्ड्यात टाका. दुकानदार महागडी नेट गळ्यात मारतो, ती कशाला, जुन्या साड्या शिवून झाडाखाली बांधा, फुलं मातीत पडत नाहीत, भावही बरा मिळतो.

बाकी नेहमीचं:
- वेचणी पहाटे, ऊन चढायच्या आत
- वाळवण ३-४ दिवस, पातळ थर, ढग आले की आत
- पूर्ण वाळल्यावरच गोणी, कोरडी जागा
- गोणीत कसलीही पावडर नको, खायचा माल आहे
- हमीभाव २०२० साली ३० रुपये किलो ठरला होता, विकण्याआधी सध्याचा विचारा

तेंदूला, म्हणजे विडीच्या पानाच्या झुडपाला, नवीन पान यावं म्हणून जाळतात तेही बंद करा, झुडपं जमिनीलगत छाटली तरी चांगलं पान येतं. वनहक्क कायदा २००६ ने गौण वनोपजाची, म्हणजे मोहाफूल, तेंदूपान अशा मालाची, मालकी दिली तशी जंगल राखायची जबाबदारीही ग्रामसभेवर टाकलीय, तेव्हा मार्चच्या आधी जाळरेषा काढा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून पाला-गवत काढलेला मोकळा पट्टा, पाळीने राखण लावा. आग दिसली तर वन विभागाला १९२६ वर फोन.

आणि जून-जुलैत सगळ्या बिया तेलाला देऊ नका. थोड्या ताज्या ताज्या पिशवीत २ सेंमी खोल लावा. मोहाचं बी ठेवलं की त्याची उगवायची ताकद झपाट्याने जाते, आठवडाभरही थांबू नका.