मोठी बँक सोडताना जुनं खातं सगळ्यात शेवटी बंद करा

किमान शिल्लक, एसएमएस, कार्ड, जादा एटीएम व्यवहार अशा नाना नावांनी मोठी बँक पैसे कापत राहते, आणि छोट्या बँकेत जाण्याच्या कटकटीला भिऊन आपण ते सोसतो. क्रम नीट ठेवला तर कटकट फारशी होत नाही.

१. पूर्ण १२ महिन्यांचं स्टेटमेंट काढा. कार्डाचं शुल्क बहुधा वर्षातून एकदाच पडतं, तीन महिन्यांच्या उताऱ्यात ते सापडणार नाही. प्रत्येक कपातीखाली रेघ मारा, बेरीज करा.

२. ती बेरीज दाखवून शाखेत विचारा: किमान शिल्लक न लागणारं खातं आहे का? असेल तर तिथेच काम झालं.

३. नसेल तर छोट्या बँकेचं छापील दरपत्रक मागा आणि आपलेच वर्षभराचे व्यवहार त्या दरांनी मोजा. दुसऱ्या बँकेचं एटीएम वापरण्याचं शुल्क इथे खास बघा, छोट्या बँकेची स्वतःची यंत्रं कमी असतात.

४. नवीन खातं उघडून आधी पगार वळवा, मग खात्यातून आपोआप कापला जाणारा एकेक हप्ता.

५. जुन्या खात्यात किमान शिल्लक आणि सर्वांत मोठ्या हप्त्याइतकी रक्कम ठेवून ते दोन महिने चालू ठेवा. विम्याचा वार्षिक हप्ता हमखास विसरला जातो, तो १२ महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये शोधून आधीच वळवा. तो परत गेला की बँक दंड लावते, विमा कंपनीही लावू शकते. नंतर लेखी अर्ज द्या, खातं बंद झाल्याची पोच घ्या.

सावधान: छोट्या बँकेतल्या ठेवींना विमा संरक्षण आहे का आणि किती रकमेपर्यंत, हे पैसे हलवण्याआधी पाहा. त्या मर्यादेवरची रक्कम तिथे ठेवू नका.