वाजवायच्या कीबोर्डचा आवाज गेला? आधी एवढं बघा
डिस्प्ले येतोय पण आवाजच नाही, तर लगेच रिपेअरवाल्याकडे पळू नका, मागे हेडफोनची पिन राहिलीय का बघा, मग मेनूत लोकल कंट्रोल (पट्टी दाबली की कीबोर्डचा स्वतःचा आवाज येऊ देणारं सेटिंग) ऑन करा, कॉम्प्युटरला मिडी (सुरांची माहिती पाठवणारी जोडणी) लावून काढला की ते कधीकधी ऑफच राहतं. पेटीशी सूर जुळेना? ट्रान्सपोज (सगळे सूर वर-खाली सरकवणारं सेटिंग) शून्य, ट्यूनिंग ४४० हर्ट्झ ठेवा. सस्टेन पेडल (सूर लांबवणारं पायाचं पेडल) उलटं चालत असेल तर पाय काढून कीबोर्ड बंद-चालू करा. एखादीच पट्टी मुकी किंवा एकदम जोरात वाजतेय म्हणजे बहुतेक आत धूळ, खोलून रबराखालचे काळे कॉन्टॅक्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा, सॅनिटायझर नको. आणि वाजवून झाल्यावर वर चादर टाकायला काय जातं, सोलापुरात राहतो ना आपण! फॅक्टरी रिसेट सगळ्यात शेवटी, त्याआधी आपले टोन पेनड्राइव्हवर घ्या.