एकाच प्रिन्सचे अनेक अवतार: जुन्या गेमच्या आवृत्त्या ताडून कशा पाहाव्यात

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळलेल्या दोघांना समोरासमोर बसवलं की थोड्याच वेळात वाद लागतो. एक म्हणतो, प्रिन्स पांढऱ्या कपड्यांत, डोकं उघडं. दुसरा म्हणतो, छे, फेटा होता. एक म्हणतो खेळ संपवायला साठ मिनिटं मिळायची, दुसरा म्हणतो दोन तास. दोघांचंही खरं असतं, कारण दोघांनी वेगवेगळ्या यंत्रांवर वेगवेगळे खेळ खेळलेले असतात. आणि दोघांनाही आपण आधी खेळलो तीच आवृत्ती ‘मूळ’ वाटत असते.

मीही त्यातलाच. डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या पीसीवर खेळलो, त्यामुळे फेटेवाला प्रिन्स मला बरीच वर्षं तोतया वाटायचा. पुढे आवृत्त्या शेजारी ठेवून पाहायची सवय लागली, तेव्हा कळलं की डॉसची आवृत्तीसुद्धा नक्कलच आहे. ही तुलना नीट कशी करायची ते सांगतो. उदाहरण प्रिन्सचं घेतो, पण हीच रीत मारिओ, सोनिक, मेगा मॅन, कशालाही चालेल.

आधी वंशावळ काढा

गेम सुरू करण्याआधी कागद घ्या. कुठली आवृत्ती कुणावरून निघाली, हे लिहा. जॉर्डन मेक्नरनं मूळ खेळ ॲपल टू या संगणकासाठी लिहिला. तो १९८९ मध्ये ब्रॉडरबंडनं काढला. १९९० मध्ये डॉसवर आला. त्याच सुमारास जपानमध्ये आर्सिस या कंपनीनं पीसी-९८ या तिथल्या संगणकासाठी आवृत्ती केली आणि प्रिन्सला फेटा नि जाकीट चढलं ते तिथे. १९९२ मध्ये आर्सिसनंच सुपर निन्टेन्डो या टीव्हीला जोडायच्या कन्सोलची आवृत्ती केली. तिथे लेव्हल वीस झाल्या आणि वेळ १२० मिनिटं. म्हणजे तुलनेला बसताना सुपर निन्टेन्डोच्या खेळाला ‘पोर्ट’ (तोच खेळ दुसऱ्या यंत्रावर उतरवलेला) न म्हणता ‘नवी रचना’ म्हणायला हवं. तिथे ‘मूळ लेव्हल किती जशाच्या तशा आल्या’ या एका प्रश्नावर गुण देत बसलात, तर त्या खेळावर अन्याय होईल.

फक्त सालावर जाऊ नका. कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकावर हा खेळ त्याच्या काळात आलाच नव्हता. २०११ मध्ये एका हौशी प्रोग्रामरनं तो तिथे उतरवला, आणि १९९२ च्या सुपर निन्टेन्डोपेक्षा हा २०११ चा खेळ मूळच्या कितीतरी जवळचा आहे. याचं एक कारण असं की ॲपल टू आणि कमोडोर ६४ या दोन्हींचा प्रोसेसर एकाच ६५०२ घराण्यातला.

नावावरही जाऊ नका. २००३ चा ‘सँड्स ऑफ टाइम’ मोठ्या कन्सोलवर त्रिमितीय आहे, तर त्याच नावाचा गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरायच्या यंत्रावरचा खेळ बाजूनं दिसणारा, उड्या मारत पुढे जायचा सपाट प्लॅटफॉर्मर आहे. हे दोन शेजारी ठेवून ‘कुठला चांगला’ विचारण्यात अर्थ नाही. याउलट २००७ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया क्लासिक’ दिसायला अगदी नवा, पण आतली रचना बरीचशी जुनीच. तो ताडून पाहायला फार चांगला.

एकाच यंत्रावरची भानगड

डॉसची आवृत्ती म्हणजे एक आवृत्ती, असं समजू नका. ती सीजीए, ईजीए, व्हीजीए अशा वेगवेगळ्या ग्राफिक्सवर चालायची. सीजीएवर एकावेळी चारच रंग, व्हीजीएवर अंधारकोठडीच्या भिंतींना निळसर छटा. आवाजाचंही तसंच: पीसी स्पीकरची टिकटिक ऐकलेला माणूस आणि साउंड ब्लास्टर हे आवाजाचं कार्ड असलेला माणूस एकाच खेळाबद्दल बोलत नसतात. म्हणून नोंद करताना ‘डॉस’ एवढंच लिहू नका. ग्राफिक्स कुठलं, आवाजाचं कार्ड कुठलं, खेळाच्या सुरुवातीला आवृत्तीचा क्रमांक दिसत असेल तर तोही लिहा.

पडदा सरळ करा

इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात. डॉसचं चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचं, पण ते ४:३ च्या पडद्यावर पसरायचं. म्हणजे प्रत्येक ठिपका चौकोनी नव्हता, रुंदीपेक्षा वीस टक्के उंच होता. आजच्या पडद्यावर ते चित्र जसंच्या तसं दाखवलं, तर प्रिन्स बुटका आणि रुंद दिसतो. मग आपण लिहितो, ‘डॉसवर चित्रण बेढब आहे.’ चित्रण ठीक असतं, आपली मांडणी बेढब असते. डॉसबॉक्समध्ये (आजच्या संगणकावर डॉसचे खेळ चालवणारा प्रोग्राम) गुणोत्तर दुरुस्तीचा पर्याय आहे, तो चालू करा.

ॲपल टूचं चित्र २८० बाय १९२ चं, आणि त्याचे रंग टीव्हीच्या सिग्नलमधून ‘निर्माण’ व्हायचे. इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, रंगीत टीव्ही, एकरंगी मॉनिटर असे पर्याय असतात. दोन्ही पाहा. पांढऱ्या कडांना दिसणारी हिरवी-जांभळी झाक त्या यंत्राचीच आहे.

गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४ चा. मूळ खेळात एका दृश्यात आडव्या दहा फरशा आणि उभे तीन मजले मावतात. पुढे कोयता आहे की खड्डा, हे उडी मारण्याआधी दिसतं. लहान पडद्यावर पहिला घाव इथेच बसतो, त्यामुळे पडदा सरकतो का, कधी सरकतो, पुढचं किती दिसतं, हे आवर्जून लिहा. शिवाय चार राखाडी छटांत बाटलीतलं औषध आणि विष रंगावरून ओळखता येत नाही. अवघडपणा असाही वाढतो.

पूर्ण खेळ नको, चार जागा निवडा

अख्खा खेळ चार यंत्रांवर संपवायचा म्हटलं तर तुलना कधीच होत नाही. सगळीकडे असतील अशा मोजक्या जागा निवडा. माझ्या जागा या:

१. पहिली लेव्हल, सुरुवातीपासून तलवार हातात येईपर्यंत. धावणं, लोंबकळणं, हलणाऱ्या फरशा, सगळं इथे येऊन जातं.

२. पहिला पहारेकरी. वार आणि अडवणं बोटांना कसं लागतं?

३. तिसऱ्या लेव्हलमधला सांगाडा. तो मरत नाही, त्याला कड्यावरून ढकलावं लागतं. पोर्ट करणाऱ्यानं बारकावे किती जपले, ते इथे उघडं पडतं.

४. चौथ्या लेव्हलमधला आरसा. धावत येऊन त्यातून उडी मारली की प्रिन्सची सावली वेगळी होऊन पळते.

हा शेवटचा प्रसंग फार मोलाचा आहे. ॲपल टूमध्ये मेमरी इतकी भरली होती की दुसऱ्या माणसाची चित्रं ठेवायला जागाच उरली नव्हती. मेक्नरनं प्रिन्सचंच चित्र एका बिटनं सरकवून स्वतःवरच चढवलं आणि त्यातून चमचमणारी बाह्यरेषा तयार झाली. हीच ती सावली. म्हणून प्रत्येक आवृत्तीत ती कशी दिसते ते जरूर पाहा. ज्या यंत्राला मेमरीची चणचण नव्हती, तिथे कलाकारानं ही चमचम राखली, की साधा काळा माणूस करून टाकला?

घड्याळ लावा

आता मोजमाप. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि खेळातलं एक मिनिट प्रत्यक्षात किती सेकंदांचं आहे ते पाहा. डॉसवर खेळ सेकंदाला साधारण बारा फ्रेम चालतो, पण तलवारबाजी सुरू झाली की दहावर येतो. खेळातलं घड्याळ फ्रेम मोजतं, ७२० फ्रेमचं एक मिनिट. त्यामुळे लढाई चालू असताना ते ‘मिनिट’ ७२ सेकंदांपर्यंत ताणलं जातं. म्हणजे ज्या साठ मिनिटांसाठी आपण घाम गाळला, ती साठ नव्हतीच! हे एकदा कळलं की दुसऱ्या यंत्रांवर हाच ताण आहे का, ते तपासायची खाज सुटते.

कन्सोलवर आणखी एक गाठ आहे. त्या काळी जपान-अमेरिकेतले टीव्ही ६० हर्ट्झचे (सेकंदाला साठ वेळा चित्र बदलणारे) होते, युरोपातले बरेचसे ५० चे. खेळ पडद्याच्या फ्रेमवर चालत असेल आणि युरोपसाठी त्याची दुरुस्ती केलेली नसेल, तर तो सहाव्या हिश्शानं मंदावतो. संगीतही रेंगाळतं. म्हणून कॅसेट कुठल्या भागातली आहे आणि इम्युलेटर किती हर्ट्झवर चाललाय, हे लिहिल्याशिवाय ‘संथ वाटला’ असा शेरा मारू नका.

बोट आणि पडदा यातलं अंतर

प्रिन्स बटण दाबल्या क्षणी उडत नाही. मेक्नरनं आपला भाऊ डेव्हिड धावताना, उड्या मारताना चित्रित केला आणि त्या चित्रफितीतून एकेक फ्रेम उतरवली. त्यामुळे पाय उचलणं, अंग तोलणं, मग धाव असा क्रम आहे. मारिओची सवय असलेल्याला हा खेळ ‘अडखळतो’ वाटतो. तेव्हा यंत्राचा उशीर आणि हालचालीची घडण वेगळी काढायला हवी.

मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये, सेकंदाला २४० फ्रेमवर, बोट आणि पडदा एकत्र चित्रित करा. बटण दाबलेल्या फ्रेमपासून प्रिन्सचं चित्र पहिल्यांदा बदलेल त्या फ्रेमपर्यंत मोजा. एक फ्रेम म्हणजे चारेक मिलिसेकंद. खेळाची स्वतःची फ्रेमच सुमारे ८३ मिलिसेकंदांची असल्यानं एकाच मोजणीवर विसंबू नका. दहा वेळा मोजा, सरासरी काढा. टीव्ही असेल तर त्याचा गेम मोड चालू ठेवा आणि सगळ्या आवृत्त्या त्याच पडद्यावर, शक्यतो त्याच कंट्रोलरनं खेळा.

आवाजाचं थोडक्यात उरकतो: डोळे मिटून ऐका. फरशी पडल्याचा आवाज, दार उघडल्याचा आवाज ओळखू येतो का? हा खेळ बराच वेळ शांत असतो, आणि त्या शांततेत हे आवाजच बातमी देतात. सीडीवरच्या आवृत्त्यांनी त्यावर सलग संगीत चढवलं. ऐकायला छान, पण ती धास्ती जाते, असं माझं मत. तुमचं वेगळं असू शकेल.

काय गाळलं, काय घुसडलं

डॉसवर पहिल्या आणि दुसऱ्या लेव्हलच्या मधे बाटल्यांची एक खोली येते. माहितीपुस्तिकेत पाहून योग्य अक्षराची बाटली प्यायची. ही चोरट्या प्रतींना अडवायची युक्ती होती, कथेचा भाग नाही. असे तुकडे वेगळे नोंदवा. जतन करायची सोय कशी आहे तेही पाहा: डॉसवर तिसऱ्या लेव्हलपासून डिस्कवर जतन करता येतं, कॅसेटवाल्या कन्सोलवर बऱ्याचदा पासवर्ड लिहून घ्यावा लागतो. शंका आली तर थेट मुळाशी जाता येतं, कारण ॲपल टूचा सोर्स कोड मेक्नरनं २०१२ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला.

क्रम उलटा करून पुन्हा

आता एक सापळा, यात मी दोनदा पडलो. जी आवृत्ती दुसऱ्यांदा खेळतो ती सोपी वाटते, कारण वाट पहिलीवर पाठ झालेली असते. मी एकदा मोठ्या आत्मविश्वासानं मेगा ड्राइव्ह या कन्सोलची आवृत्ती ‘सोपी’ ठरवून मोकळा झालो होतो. आठवड्यानं उलट्या क्रमानं खेळलो, तर निकाल उलटा. तेव्हा अ-ब खेळून झाल्यावर काही दिवस थांबा, आणि मग ब-अ खेळा.

त्याहून बरं म्हणजे हा खेळ कधीच न पाहिलेला माणूस पकडा. त्याला काहीही न शिकवता कंट्रोलर हातात द्या आणि तलवार सापडेपर्यंत तो किती वेळा मरतो ते मोजा. शक्य झाल्यास दुसऱ्या कुणालातरी दुसऱ्या आवृत्तीपासून सुरुवात करायला लावा. मागे बसून सूचना करायचा मोह आवरणं, या सगळ्या खटाटोपात मला अजून जमलेलं नाही ते हेच.