राष्ट्रीय संघासाठी स्ट्रायकर निवडताना या चुका टाळा

‘छेत्रीनंतर कोण?’ हा प्रश्नच आधी सोडून द्या. ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतशी ०-० बरोबरी झाली आणि भारताचा स्ट्रायकर सुनील छेत्री आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून थांबला, तेव्हा त्याच्या नावावर १५१ सामन्यांत ९४ गोल होते. त्याच मापाचा दुसरा माणूस शोधत बसणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. मार्च २०२५ मध्ये त्यालाच परत बोलावलं. शिलाँगला मालदीवविरुद्ध त्याने हेडरने गोल केला, मन भरून आलं. पण सहा दिवसांनी त्याच मैदानावर बांगलादेशशी पुन्हा ०-०.

दुसरी चूक, फक्त गोल मोजणं. २०१८ च्या विश्वचषकात फ्रान्सचा स्ट्रायकर ऑलिव्हिए जिरूने एकही गोल केला नाही, तरी फ्रान्स जगज्जेता झाला. बचावपटूला पाठीवर घेऊन चेंडू धरायचा आणि एम्बाप्पे-ग्रिझमनला सोडायचा, हे त्याचं काम. आपल्याला नेमका हाच माणूस हवा, कारण आपला वेग कडेला आहे: छांगटे, लिस्टन कोलासो हे विंगर. गोलकीपरची लांब किक आली की आपल्या स्ट्रायकरकडे बघा. चेंडू त्याच्या छातीवरून उडतो, विंगर अजून मध्यरेषेपाशीच असतो आणि पुढच्या क्षणी आपण पुन्हा बचावात. त्याने दोन-तीन सेकंद चेंडू धरला, तरी छांगटे धावत पुढे पोचतो. निवड करताना हे आधी तपासा.

क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकलेले चेंडू, वाया जात असतील, तर उंचीला दोष देऊ नका. छेत्री काही उंच नाही. तो बचावपटूच्या खांद्यामागे उभा राहायचा, म्हणजे बचावपटूला चेंडू आणि छेत्री एकाच वेळी दिसायचे नाहीत. मग शेवटच्या क्षणी पुढे घुसायचा. हे शिकवता येतं, आणि पंधरा-सोळाव्या वर्षीच शिकवायला हवं.

विंगरला ऐनवेळी नऊ नंबरवर, म्हणजे स्ट्रायकरच्या जागी, उभं करणंही टाळा.

खरी अडचण मात्र क्लबांत आहे. आयएसएल या देशातल्या अव्वल लीगमध्ये नऊ नंबरची जागा बहुतेकदा परदेशी खेळाडूची: कोरो, ओगबेचे, अजाराई. मनवीर सिंगसारखा दणकट खेळाडू मोहन बागानमध्ये उजव्या कडेला खेळत आला. वर्षभर कडेला धावलेल्या पोराकडून दहा दिवसांच्या शिबिरात गोलसमोरच्या बॉक्समधली सवय कशी येणार? तरुण भारतीय स्ट्रायकरला मोठ्या क्लबच्या बाकावर बसवण्यापेक्षा आयएसएलखालच्या लीगमध्ये त्याच्या जागेवर पूर्ण नव्वद मिनिटं खेळू द्या.