बालसंग्रहालयात काम करायचंय? आधी गप्प राहायला शिका

मुलांच्या संग्रहालयात रुजू झाले तेव्हा माझ्याकडे बी.एड. होतं आणि दोन वर्षं शिकवल्याचा अनुभव होता. तरीही माझं पहिलं एक्झिबिट, म्हणजे मुलांनी हाताळून बघायची मांडणी, साफ फसलं. का फसलं ते कळायला सहा महिने गेले. तुमचे जाऊ नयेत.

भिंतीवर कप्प्या, खाली सारख्याच वजनाच्या वाळूच्या बादल्या. एक बादली स्थिर कप्पीवर, दुसरी बादलीसोबत वर सरकणाऱ्या कप्पीला. कुठली हलकी लागते ते मुलांनी ओढून शोधायचं. चाचणी घेतली होती, पंधरा मुलांवर. सगळ्यांना जमलं. उघडल्यावर आठवडाभरात मुलं दोराला लोंबकळून झोके घेत होती. बादल्यांकडे कुणी बघेना.

चाचणीच्या वेळी मी शेजारी उभी होते. ‘हा ओढ. आता तो. कुठला हलका?’ चाचणी माझ्या बोलण्याची झाली, एक्झिबिटची झालीच नाही. शनिवारच्या गर्दीत तुम्ही प्रत्येक मुलाशेजारी नसता. म्हणून खोक्याचा पुठ्ठा, सुतळी, चिकटपट्टी घेऊन कच्चा नमुना करा, मांडा आणि चार पावलं मागे जा. हात पाठीमागे बांधा. मूल चुकलं तरी बोलू नका. ‘असं नाही, असं’ हे शब्द पहिल्याच मिनिटाला ओठांवर येतील, गिळा. आईबाबा विचारतील, त्यांनाही सांगू नका. वहीत एवढंच लिहा: पहिला हात कुठे गेला, मूल किती वेळ थांबलं, कशाने सोडून गेलं.

दुसऱ्या खेपेला मी हे केलं तेव्हा दिसलं, दोर मुलांच्या डोक्यावर होता आणि बादल्या पायाशी, नजरेबाहेर. आमचे सुतारकाका म्हणाले, ‘ताई, पोरांनाच उचलू द्या की स्वतःला.’ बादल्या गेल्या, बसून दोराने स्वतःला वर ओढायची कप्प्यांची खुर्ची आली. तिथे आता रांग असते.

सुरक्षेत मात्र प्रयोग नाहीत. तीन वर्षांखालच्या मुलांसाठीची वस्तू 31.7 मिमी व्यासाच्या तपासणी-नळकांड्यात पूर्ण मावली, तर ती ठेवायची नाही. साधी गोटी 16 मिमीची असते, म्हणजे तीही नाही. कुणी कितीही आग्रह केला तरी नाही.

म्युझिऑलॉजीचा, म्हणजे संग्रहालयशास्त्राचा, कोर्स करावा का? करा, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात 1952 पासून त्याचा विभाग आहे. पण फी भरण्याआधी तीन महिने कुठेतरी स्वयंसेवक म्हणून उभे राहा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात 2019 साली उघडलेलं बालसंग्रहालय बघा. अरविंद गुप्तांची टाकाऊतली खेळणी घरी स्वतः करा. नुसते व्हिडिओ बघून हात तयार होत नाहीत. आणि ज्या वरिष्ठांना फरशीवर मांडी घालून बसायला नको वाटतं, त्यांचा सल्ला जपून घ्या. मायकेल स्पॉक 1962 मध्ये बोस्टनच्या बालसंग्रहालयाचे संचालक झाले आणि त्यांच्या काळात वस्तू काचेच्या कपाटांतून मुलांच्या हातात आल्या. तो धीर अजूनही दुर्मिळ आहे.

पगार सुरुवातीला कमी असतो, पाय दुखतात. पण चुका दुरुस्त होतात, पुठ्ठा स्वस्त आहे.

महापालिकेच्या शाळेची सहल आली की मुलं दहा मिनिटं हाताची घडी घालून उभी राहतात. ‘बाई, हात लावू?’ असं विचारतात. आम्ही अशा सहलींचा वेळ पाऊण तासावरून दीड तासावर नेला. पहिल्या पाऊण तासात त्यांची घडी जेमतेम सुटलेली असते.